पिवळं नाव

"पुडी हाय ना गं पर्समधी?" मांजरसुंब्याचा घाट मागे पडला तसं भामाबाईनं तिसऱ्यांदा विचारलं.

"आहे, माय."

"बघ एकदा. मागल्या बारीला बसमधीच सांडला व्हता थोडा."

बबितानं पर्सची चेन उघडली. भंडाऱ्याची पुडी जागेवर होती, वर रबर गुंडाळलेलं. तिच्यामागं, आतल्या कप्प्यात, चार घड्या घातलेला एक कागद होता. बोटांना त्याची कड लागली तशी तिनं हात बाहेर काढला आणि चेन ओढून घेतली.

"आहे म्हटलं ना."

खिडकीतून वैशाखाचा वारा चुलीच्या तोंडाशी बसल्यासारखा अंगावर येत होता. ऊन फार आहे, या महिन्याला राहू दे, असं बबितानं काल फोनवर सुचवून पाहिलं होतं. भामाबाई म्हणाली होती, "तुझा बाप त्या वाळवंटात वरीसभर राहून आला. त्याला भेटायला मला दोन तासाचं ऊन सोसंना व्हय?" सकाळी भामाबाई वस्तीवरून जीपनं केजला आली, बबितानं कॉलेजातून सुट्टी घेतली आणि दोघी एसटीत बसल्या. भामाबाईच्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिच्यात ज्वारीच्या दोन भाकरी, लसणाची चटणी आणि पितळी तांब्या.

अमावस्या जवळ आली की बबिताला चार दिवस आधीपासून जेवण जात नसे. ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारता मारता तिचा हात मध्येच थांबायचा. आपण कसे पकडले जाऊ, समोर कोण असेल, त्या वेळी आई कुठं उभी असेल, हे ती मनाशी लावून बघत बसायची. दर वेळी वेगळं काहीतरी दिसायचं. आईचा चेहरा मात्र एकदाही दिसला नव्हता.

"पप्पूचा फोन आल्ता," भामाबाई म्हणाली. पप्पू म्हणजे तिच्या दिराचा मुलगा. "फोटो काढून आन म्हणला नावाचा. वर्षश्राद्धाला फ्लेक्स लावायचा म्हणतोय चौकात. मोठा."

"तिथं फोटो काढू देत नाहीत."

"मागल्या बारीला पोरी काढत व्हत्या की."

"त्या स्वतःचा काढत होत्या, माय."

"मग मीबी हुभी ऱ्हाते नावाजवळ. माझा काढ. मागं येतंयच की नाव."

बबितानं खिडकीकडं तोंड फिरवलं. पप्पूला वाचता येत होतं. गावात सगळ्यांनाच वाचता येत होतं, एक आई सोडली तर.

बबिताचा बाप बंकट सोनबा रुपनर हा मेंढरामागं वाढलेला माणूस. अठराव्या वर्षी भरतीला गेला आणि जनावरांच्या दवाखान्याच्या तुकडीत लागला. पंचविशीत असताना त्याला निळी टोपी घालून सोमालियात पाठवलं. लोकांना वाटायचं, हा लढाईवर गेलता. तो म्हणायचा, "लढाई कसली? भांडणारे वायले. आमी मधी हुभं ऱ्हायचो." तिथल्या शेळ्यांना, उंटांना त्यानं टोचलं, जखमा धुतल्या, अडलेल्या शेळ्या सोडवल्या. तिथले धनगर शेळी वळवायला जी हाळी देतात ती आपल्यासारखीच आहे, हे तो घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचा आणि तोंडानं करून दाखवायचा. बबिता लहान असताना तिनं एकदा विचारलं होतं, "आण्णा, तिथं भ्या वाटायचं का?" त्यानं थोडा विचार केला होता. "रोज. पर पळायला जागा न्हवती. दोन्हीकडून बंदुका, आन् मधी मी आन् एक आजारी शेळी."

त्याची निळी टोपी अजून पेटीत होती, कडुनिंबाच्या पाल्यात.

मागच्या वर्षी जिल्ह्यातून शांतिसेनेत गेलेल्यांची नावं गोळा करणं सुरू झालं. बीडच्या एका बागेत भिंत उभारून तिच्यावर ती कोरायची होती. आण्णानं फॉर्म स्वतः भरला. एक अक्षर खोडलं नाही, आणि तेही तिला दाखवलं. "बीडला जाशील तवा देऊन टाक. घाई न्हाई, म्हयना हाय अजून." तिनं कागदाच्या चार घड्या केल्या आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. पाचव्या दिवशी त्याच्या छातीत कळ आली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नऊ दिवस. मग दहावा, तेरावा, येणारे-जाणारे. कागद पुन्हा हाताला लागला तेव्हा मुदत संपून वीस दिवस झाले होते. तिनं तो होता तिथंच ठेवून दिला. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय?

आण्णा गेल्यापासून भामाबाई घास मोजून खायची. बोलायचीही तशीच. मेंढरं पुतण्याकडं सोडून दिली. दिवस दिवस ती दारात बसून राहायची, आणि कुणी समोर आलं तरी कोण आलं हे तिला जरा वेळानं कळायचं. माघात कुणीतरी सांगितलं, बीडला भिंत झाली, आपल्या जिल्ह्यातल्या समद्यांची नावं हायत. त्या दिवशी ती पहिल्यांदा आपण होऊन उठली. "चल," म्हणाली.

ते पहिलं जाणं बबिताला आता तुकड्यातुकड्यांत आठवत होतं. काळ्या दगडाची भिंत, वर सिमेंटचं निळं हेल्मेट. अडतीस नावं. तिनं ती वरून खाली वाचली, मग खालून वर. नावं गोळा करणाऱ्या कार्यालयानं त्यांच्या दप्तरातून आण्णांचं नाव काढलं असेल, ही एकच आशा होती. नव्हतं काढलं. मागं भामाबाई नैवेद्य घेऊन उभी होती. रुपनरांच्या शेताच्या बांधावर आजे-पणजे दगड होऊन बसलेले आहेत. अमावस्येला त्यांना धुऊन भंडारा लावतात, भाकरी ठेवतात, घरचं काय ते सांगतात. आण्णाचा दगड अजून बसवलेला नव्हता. भामाबाईच्या लेखी तो इथं बसला होता, बीडला, सरकारनं बसवला होता.

"कुठं हाय गं?" तिनं मागून विचारलं.

बबिताचं बोट उठलं आणि आईच्या कमरेच्या खाली जी ओळ होती तिच्यावर जाऊन टेकलं.

भामाबाईनं अक्षरांवरून हात फिरवला. "लई खोल कोरलंय." मग म्हणाली, "आन् ही चांदणी कावून?"

तेव्हा बबिताला चांदणी दिसली. तिथं जाऊन परत न आलेल्यांच्या नावापुढं ती होती. अडतिसात चौघांना.

"जे आता नाहीत, त्यांना आहे."

"चारच? मग बाकीचे समदे जित्ते हायत?"

"हो."

"चांगलं हाय की," भामाबाई म्हणाली, आणि खाली बसून एकेका अक्षरात बोटानं भंडारा भरायला लागली. काळ्या भिंतीवर ते एकच नाव पिवळं झालं. परत येताना नेकनूरच्या स्टँडवर तिनं भजी मागितली. सहा महिन्यांत तिनं काही मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं पुतण्याकडून मेंढरं परत आणली.

त्यानंतर खरं सांगायचं कसं? आई रागावेल याची भीती नव्हती. आई रागावायची आणि विसरायची. भीती होती ती आण्णा पुन्हा एकदा जातील याची, आणि या खेपेला त्यांना आपणच घालवलेलं असेल याची.

बागेच्या फाटकाशी भामाबाई चपला काढायला वाकली, तेवढ्यात रखवालदार मोहनराव खुर्चीतून उठून आला. जुना होमगार्ड, बोलण्यात नेहमी गमत्या. आज त्यानं आवाज खाली आणला.

"ताई, जरा इकडं या."

"काय झालं?"

"तुमी ज्या नावाला पिवळं लावता ना, त्येंच्या मंडळी आल्यात. तलवाड्याच्या."

बबिताला त्याचे ओठ हलताना दिसत होते.

"मला वाटायचं, तुमी त्येंच्याच घरच्या. पर त्या म्हणत्यात, आमचं कुणीच हितं येत न्हाई. मागल्या बारीला येऊन धुऊन गेल्या समदं. आज सकाळी धापासून बसल्यात. आमावस्येलाच लावतंय कुणीतरी, आज बघतेच म्हणल्या." तो थांबला. "काय भानगड हाय का, ताई?"

बबिता आईकडं वळली. "माय, चल, परत जाऊ. आज बंद आहे."

भामाबाईनं सताड उघड्या फाटकाकडं बघितलं, मग लेकीकडं. "ऊन लागलंय तुला. सावलीत बस जरा," म्हणाली आणि अनवाणी पायांनी तापल्या फरशीवरून झपझप आत गेली.

करंजाच्या झाडाखालच्या बाकावर एक बाई बसली होती. पन्नाशीच्या पुढची, अंगानं किरकोळ, डोळ्यांना चष्मा. फिकी निळी साडी, मांडीवर अंगणवाडीची कापडी बॅग. कपाळावर बारीक काळी टिकली होती, म्हणून बबिताला क्षणभर वाटलं, ही नसावी ती. पण बाकी बाग रिकामी होती. आणि ती बाई भामाबाईकडं बघत होती. वर्गात पोर काय करतंय ते गुपचूप बघावं तसं, न हलता.

भामाबाईनं तांब्यातल्या पाण्यानं नाव धुतलं. पदरानं पुसलं. पुडी मागण्यासाठी मागं हात केला. बबितानं रबर काढून ती दिली.

"आन् ऐकलं का," भामाबाई भंडारा भरता भरता भिंतीशी बोलायला लागली. "तांबडी व्याली. जोडी झाली. एक लई बारकं हाय, उठंना. म्या त्याला ऊबंला चुलीपाशी ठुलं. परवा हुभं ऱ्हायलं बगा. पप्पू म्हणतोय, हिरीवरची मोटार बदलू. म्या म्हणलं, त्यास्नी इचारते. बदलावी का? जुनी अजून वडतीय…"

बाकावरची बाई उठली. बबिताला तिच्या चपलांचा आवाज जवळ येताना ऐकू आला. वळून बघायचं धाडस तिला झालं नाही. आवाज दोघींच्या मागं येऊन थांबला. आता, बबिताच्या मनात आलं. आता.

भामाबाई मोटारीचं सांगत होती, मग बबिताच्या सासूच्या गुडघ्याचं, मग औंदा लिंबाला मोहर कमी आल्याचं. ते सगळं होईपर्यंत ती बाई उभी राहिली. शेवटी भामाबाईनं भाकरीभोवती फिरवायला तांब्या तिरपा केला, तर पाणी संपलेलं.

"अक्का," ती बाई म्हणाली, "फाटकापाशी माठ हाय. गार पाणी हाय त्याचं."

"मी आणते," बबिता झटकन उठली.

बाईनं तिचं मनगट धरलं. "त्यांना जाऊ दे. देवाचं पाणी ज्येचं त्येनंच आणावं. तू थांब."

"खरं हाय," भामाबाई म्हणाली आणि तांब्या घेऊन निघाली.

ती झाडापलीकडं जाईपर्यंत मनगट सुटलं नाही.

"वाचता येत न्हाई त्यांना?"

"नाही."

"आन् तुला?"

"येतं."

"कुठवर शिकलीस?"

"एम. ए. ग्रंथालयात आहे मी, केजला."

"मग वाच बरं, काय लिहिलंय. मोठ्यानं."

चार महिने ती या ओळीसमोर येऊन उभी राहत होती, पण तिनं ती एकदाही तोंडानं वाचली नव्हती. "नाईक," ती म्हणाली, "भागवत रंगनाथ घुले."

"कोण लागतो तुझा?"

"कुणी नाही."

"माझा नवरा लागतो." बाईनं मनगट सोडलं. "मी कडूबाई. तलवाड्याला अंगणवाडीत हाय. फाल्गुनात आले, तर नाव पिवळं. धुतलं. चैत्रात आले, परत पिवळं. मला काय वाटलं, माहीत हाय?" ती हसल्यासारखं करून थांबली. "मला वाटलं, ह्या माणसानं दुसरीकडं घर केलं व्हतं. सुट्टीवर यायचा तवा दोन दिवस उशिरा यायचा एकेकदा. गाडी चुकली म्हणायचा. तीस वर्सं झाली त्याला मरून, आन् म्या एसटीत बसून त्या गाड्या मोजत आले."

"तसं काही नाही हो. तसं काहीच नाही."

"ते कळलं मला. मघाशी तांबडी व्याली म्हणल्या तवाच कळलं. आमच्याकडं मेंढरं न्हवतीच कधी. मग काय हाय ते सांग."

बबितानं पर्स उघडली आणि तो कागद तिच्या हातात दिला. सांगायला चार वाक्यं पुरली. इतके महिने तिला वाटत होतं, हे सांगायला एक दिवस लागेल.

कडूबाईनं चष्मा वर सरकवून फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचला. "अक्षर चांगलं हाय. कुठं खोडलं न्हाई. सही हाय, तारीख हाय." तिनं वर बघितलं. "आन् दिलाच न्हाईस."

"नाही."

"एम. ए. झालीस ना?"

बबितानं मान खाली घातली.

"अंगोलात मेला माझा मालक. गाडी सुरुंगावर गेली. पेटी आली घरी, खिळे मारलेली. उघडू दिली न्हाई कुणी. आत कोण हाय, ते मला आजबी ठावं न्हाई. अंगणवाडीच्या भिंतीवर जगाचा नकाशा हाय, त्याच्यात तो देश रोज दिसतोय. लेकरं मोकळ्या कपाळाला भ्यायची, म्हणून ही टिकली लावाया लागले. कुठं बसून रडावं अशी एक जागा न्हवती मला. तीस वर्सांनी हे नाव आलं." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आन् त्येच्यावरबी दुसरीचं बोट."

"मी सांगते आईला. आत्ता सांगते." बबिताला आपला आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "तुमच्यासमोर सांगते."

कडूबाईनं एकदा झाडापलीकडं बघितलं. फॉर्म तिच्या हातातच होता.

भामाबाई परत येत होती. तांब्या काठोकाठ भरला होता, आणि थेंबही सांडू नये म्हणून ती डोळे तांब्यावर ठेवून एकेक पाऊल टाकत होती. भाजणाऱ्या फरशीवरसुद्धा तिनं घाई केली नाही. बबिता दोघींच्या मध्ये उभी होती. वाक्य तिनं मनात जुळवलं होतं. माय, हे आण्णांचं नाव नाही. पाच शब्द.

"लई गार हाय हो पाणी," भामाबाई कडूबाईला म्हणाली. "बरं झालं सांगितलं." तिनं भाकरीभोवती पाणी फिरवलं, हात जोडले, आणि मग निवांत होऊन मागं बघितलं. "बसा की बाई. तुमीबी कुनाला भेटाया आल्या?"

"व्हय."

"मालक?"

"मालक."

"कोन्तं हो नाव?"

"माय…" बबिता म्हणाली.

"हे," कडूबाई म्हणाली. तिनं पुढं वाकून बोट टेकवलं, पिवळ्या नावाच्या खालच्या ओळीवर.

बबितानं ती ओळ वाचली. शिपाई परमेश्वर नामदेव जाधव. कुठला कोण. तिच्या तोंडात पुढचा शब्द तसाच राहिला.

"अगं बया, खालीच हायत की. शेजारीच म्हना." भामाबाईला आनंद झाला. ती गुडघ्यांवर सरकून जवळ आली, पुडी उघडून पुढं केली. "घ्या, लावा की तुमच्याबी…" आणि तिचा हात थांबला. तिनं त्या ओळीचा शेवट हातानं चाचपला. मग वरच्या ओळीचा. "ह्याला चांदणी न्हाई."

तिनं बोट परत खालच्या ओळीवर आणलं.

"चांदणी गेलेल्यांना असती. बबी म्हणली मला." ती कडूबाईच्या कपाळाकडं बघत होती. "म्हंजे हायत का मालक?"

बबिताला ऊन, भिंत, दूरच्या रस्त्यावरचा रिक्षाचा हॉर्न, सगळं एकाच वेळी फार स्पष्ट झालं. तिनंच सांगितलेली ती खोटी गोष्ट आता या बाईच्या तोंडाशी येऊन उभी होती. बबितानं कडूबाईकडं बघितलं. कडूबाई चांदणीकडं बघत होती, वरच्या ओळीतल्या.

"हायत," ती म्हणाली.

"घरी?"

"घरीच. पाय दुखत्यात त्यांचे. एसटीत बसवत न्हाई. म्हणून मीच येते बघून."

"असू द्या, असू द्या. पाय तर पाय." भामाबाईनं पुडी घाईघाईनं मिटली. "मग भंडारा न्हाई लावायचा बरं का. जित्त्या मानसाच्या नावाला लावत न्हाईत." तिनं कडूबाईच्या हातावर हात ठेवला. "जपा त्यास्नी. चिडत असतील आता, बसून बसून?"

"चिडत्यात."

"आमचंबी चिडायचं. चिडू द्यायचं."

"व्हय," कडूबाई म्हणाली.

भामाबाईनं नैवेद्याची एक भाकरी मोडली, अर्धीवर चटणी घातली, आणि बांधायला फडकं शोधत पिशवीत हात घातला. तेवढ्या वेळात कडूबाईनं बबिताच्या कानाशी तोंड आणलं.

"दुसरी पाटी बसणार हाय, मागच्या तोंडाला. ऱ्हायलेल्यांची. नावं घ्यायलेत अजून." फॉर्म तिनं घडी घालून आपल्या बॅगेत टाकला. "ह्यो मीच नेऊन देते. तुझा काय भरवसा."

"मग आईला…"

"तवाचं तवा बघ. आता गप ऱ्हा."

"ही मालकाला द्या," भामाबाईनं फडक्यात बांधलेली अर्धी भाकर पुढं केली. "आमच्या त्यांच्या हातची समजा. तेबी तिकडंच व्हते, सोमालियात. वळखबी असंल दोघांची, काय सांगावं."

कडूबाईनं भाकर दोन्ही हातांनी घेतली. निघाली आणि दोन पावलांवर थांबली. परत फिरून ती भिंतीपाशी वाकली.

"अक्का, हितं जरा जास्तीचं लागलंय. अक्षराच्या भायेर."

"पुसा की. माझी नजर आता अधू झाली."

कडूबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि पहिल्या अक्षरापासून पुसायला सुरुवात केली. पिवळं बाहेर आलेलं फारसं नव्हतंच. तरी ती एकेका अक्षराच्या कडेनं बोट फिरवत राहिली, काना, वेलांटी, मधली जागा, परत काना, आणि शेवटी चांदणी, पाचही कोपऱ्यांनी. भामाबाई कौतुकानं बघत होती. बबितानं मान वळवली.

मग कडूबाई उठली आणि मागं न बघता फाटकाकडं चालायला लागली. पदराचं टोक पिवळं झालं होतं. ते तिनं झटकलं नाही, मुठीत धरलं. दुसऱ्या हातात भाकर होती.

"मालकास्नी सांगा," भामाबाई मागून ओरडली, "केजच्या भामानं इचारलंय म्हणून."

कडूबाईनं वळून न बघता भाकरीचा हात वर केला. सांगते, असा.